पुढची तारीख कधी?

२००७च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं एक मसुदा प्रसिद्ध केला. इंग्लंड आणि वेल्समधल्या सरकारी आरोग्यसेवेनं कोणत्या औषधावर पैसे खर्च करावेत, हे ही संस्था ठरवते. या वेळी प्रश्न होता ल्युसेंटिस नावाच्या एका महागड्या इंजेक्शनचा. उतारवयात डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या एका आजारात ते नजर वाचवतं, याबद्दल दुमत नव्हतं. तरीही मसुद्यानं अट घातली. दोन्ही डोळ्यांत आजार असेल तरच हे इंजेक्शन द्यावं, आणि तेही दोहोंपैकी बऱ्या डोळ्याला. शिवाय आजाराच्या एकाच प्रकारात, म्हणजे साधारण पाचांतल्या एका रुग्णाला.

अटीचा अर्थ कुणालाही कळण्यासारखा होता. एक डोळा बिघडला आणि दुसरा शाबूत असेल, तर बिघडलेल्याची नजर जाऊ द्यायची आणि आजार दुसऱ्यात उतरण्याची वाट पाहत बसायचं.

ज्यांच्या डोळ्यांचा हा हिशेब मांडला गेला होता, त्यांतले बहुतेकजण साठी-सत्तरी कधीच ओलांडलेले होते. रस्त्यावर उतरणारी ही पिढी नव्हे. पण ती बोलली. रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ब्लाइंड पीपल आणि मॅक्युलर डिसीज सोसायटी या संस्था पुढे झाल्या. रुग्णांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी हरकती पाठवल्या, खासदारांना पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांना आपली हकीकत सांगितली. स्थानिक आरोग्य ट्रस्टनं नकार दिला, तर त्या नकाराविरुद्ध एकेकट्यानं अपील केलं. त्याच वर्षी स्कॉटलंडनं हे औषध अशी अट न घालता स्वीकारलं होतं. सीमेपलीकडच्या माणसाचा डोळा वाचतो, मग आमचा का नाही, या प्रश्नाला उत्तर देणं अवघड होतं. डिसेंबर २००७च्या सुधारित मसुद्यातून ‘आधी एक डोळा जाऊ द्या’ ही अट गळाली. ऑगस्ट २००८मध्ये अंतिम निर्णय आला. इंजेक्शन दोन्ही डोळ्यांना मिळणार, प्रत्येक डोळ्याची पहिली १४ इंजेक्शनं सरकार देणार आणि त्यापुढचा औषधाचा खर्च उत्पादक कंपनी सोसणार. एका इंजेक्शनची किंमत तेव्हा ७६१ पौंड होती.

त्या निर्णयातला १४ हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. बहुतेक औषधांबाबत ते मिळणार की नाही, एवढंच ठरवावं लागतं. इथे ते किती वेळा मिळणार, याचीही वाटाघाट करावी लागली. कारण या उपचाराचा सगळा जीव त्याच्या पुन्हा पुन्हा होण्यात आहे.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी काही मिलिमीटरांचा एक भाग असतो. त्याला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणं, एसटीची पाटी वाचणं, सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे निवडणं ही सगळी कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. वय वाढतं तसा काहींच्या पीतबिंदूची झीज होते. ही झीज बहुतेकांत ‘कोरड्या’ प्रकारची आणि सावकाश होणारी असते. दहा-पंधरा टक्के रुग्णांत मात्र ती ‘ओली’ होते. पडद्याखालच्या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या झिरपतात, कधी रक्तस्राव करतात. पडद्याला सूज येते आणि वेळेवर उपचार झाला नाही, तर तिथे कायमचा व्रण उरतो. रुग्णसंख्येत लहान असलेल्या या ओल्या प्रकारानंच या आजारातली बहुतांश गंभीर दृष्टिहानी होते.

सुरुवातीची खूण अगदी घरगुती असते. खिडकीचे गज वाकलेले दिसतात, फरशीची रेघ मध्येच लचकते, भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन तिरके होतात. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी याच खुणेवरून चौकटींचा एक कागद तयार केला. मधल्या ठिपक्याकडे एका डोळ्यानं पाहायचं आणि आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात का, हे तपासायचं. यात ‘एका डोळ्यानं’ हे शब्द महत्त्वाचे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याची उणीव झाकून टाकतो, आणि आजार कित्येक आठवडे पत्ता लागू देत नाही.

या कच्च्या रक्तवाहिन्यांना वाढायला सांगणारं प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. कॅन्सरच्या गाठी वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या मागवतात, ही कल्पना ज्यूडा फोकमन यांनी १९७१मध्ये मांडली. १९८९मध्ये अमेरिकेतल्या जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओन फेरारा आणि सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ वेगळं काढलं. त्याला अडवणारं पहिलं मोठं औषध, अवास्टिन, आतड्याच्या कॅन्सरसाठी आलं. डोळ्यासाठी त्याच घराण्यातला एक लहान रेणू घडवला गेला. तो म्हणजे ल्युसेंटिस. २००६मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्यामागे ७१६ रुग्णांची चाचणी होती. वर्षभर दर महिन्याला इंजेक्शन मिळालेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर टिकली. इंजेक्शनचा नुसता देखावा केलेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होतं. औषधाची पूर्ण मात्रा मिळालेल्या दर तिघांतला एकजण तर तक्त्यावरची १५ किंवा त्याहून जास्त अक्षरं नव्यानं वाचू लागला. त्याआधीचे लेसरसारखे उपचार फार तर घसरण थोडी लांबवत असत. गेलेली नजर परत येऊ शकते, हे डॉक्टरांनाही नवं होतं.

पण हे औषध त्या रक्तवाहिन्या मुळापासून उपटत नाही. ते त्यांना दाबून धरतं. काही आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो आणि दाब सुटला की झिरपणं पुन्हा सुरू होऊ शकतं.

हे किती खरं आहे, तेही चाचण्यांनीच दाखवलं. एका चाचणीत पहिली तीन इंजेक्शनं महिन्याच्या अंतरानं दिली आणि पुढची सरसकट तीन-तीन महिन्यांनी. पहिल्या तीन महिन्यांत सुधारलेली नजर वर्षअखेर पुन्हा होती तिथे आली. नंतर आणखी एका पाहणीत मूळ चाचण्यांमधल्या ६५ रुग्णांना सुमारे सात वर्षांनी गाठलं. चाचणी संपल्यावर त्यांची महिन्याची शिस्त सुटली होती आणि इंजेक्शनांची संख्या घटली होती. एक तृतीयांश रुग्णांनी १५ किंवा अधिक अक्षरं गमावली होती. ज्यांना नंतरच्या काळातही अकरा किंवा जास्त इंजेक्शनं मिळाली, त्यांची स्थिती इतरांहून बरी होती.

म्हणजे या आजारात निदान झालं आणि औषध सुरू झालं, की लढाई संपत नाही. रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचला याचा आनंद मानून सगळे निर्धास्त होतात, आणि नेमकी तिथून पुढे साखळी तुटते. ती तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे रुग्णालयाची रांग. नव्या रुग्णाला लवकर पाहण्यासाठी सगळीकडे दबाव असतो. जुन्या रुग्णाची फेरतपासणी मात्र पुढे ढकलणं सोपं असतं, कारण तो यादीत आधीच आहे. ब्रिटनमधल्या नेत्रतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१७च्या अभ्यासानुसार फेरतपासणीला उशीर झाल्यामुळे तिथे महिन्याला २२पर्यंत लोकांची नजर गंभीर किंवा कायमची अधू होत होती. जानेवारी २०२०मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसुरक्षा तपास यंत्रणेनं अशाच एका प्रकरणाचा अहवाल दिला. आजार काचबिंदूचा होता, पण तुटलेली साखळी तीच. चौतिशीतल्या एका महिलेच्या फेरतपासण्यांना एकूण १३ महिन्यांचा उशीर झाला, तिला सात वेगवेगळ्या नेत्रतज्ज्ञांनी तपासलं, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत तिची नजर इतकी खालावली की तिची नोंद तीव्र दृष्टिहीन म्हणून करावी लागली. सातही जणांनी तिचा डोळा पाहिला होता, पण तारखांचा हिशेब एकाच्याही हाती नव्हता.

असा हिशेब रुग्णालयात अनेकदा कुणाकडेच नसतो. डॉक्टर बदलतात, संगणक तारीख पुढे सरकवतो, काउंटरवरच्या व्यक्तीला ‘सहा आठवडे’ आणि ‘दहा आठवडे’ यांतला फरक वैद्यकीय आहे, हे माहीत असण्याचं कारण नसतं. पहिल्या भेटीपासून शेवटच्या भेटीपर्यंत सगळीकडे हजर असलेली एकच व्यक्ती असते, ती म्हणजे रुग्ण.

दुसरी जागा औषधाच्या किमतीची. २००५मध्ये मायामीतले डॉक्टर फिलिप रोझेनफेल्ड यांनी ल्युसेंटिसची वाट न पाहता कॅन्सरसाठीचं अवास्टिनच अगदी लहान मात्रेत डोळ्यात देऊन पाहिलं. ते लागू पडलं. कॅन्सरच्या रुग्णासाठी बनवलेल्या चार मिलिलिटरच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, डोळ्याला लागतं सव्वा मिलिग्रॅम. एका बाटलीतून अनेक डोळ्यांची मात्रा निघते, म्हणून किंमत कोसळते. अमेरिकी सरकारच्या पैशानं झालेल्या मोठ्या तुलनेचे निष्कर्ष २०११मध्ये आले. नजर वाचवण्यात दोन्ही औषधं बरोबरीची ठरली. एकाची मात्रा सुमारे दोन हजार डॉलरची होती, दुसऱ्याची पन्नासची.

भारतातल्या असंख्य रुग्णांच्या दृष्टीनं ही स्वस्त वाट म्हणजेच उपचार होता, आणि २०१६च्या जानेवारीत ती अचानक बंद झाली. अहमदाबादमध्ये अवास्टिन दिल्यावर काही रुग्णांच्या डोळ्यांत गंभीर दाह झाला. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेनं डोळ्यासाठी हे औषध वापरू नका, असा इशारा काढला. झालेली इजा खरी होती आणि सावधगिरीही रास्त होती. एका बाटलीतलं औषध अनेक सिरिंजमध्ये भरताना निर्जंतुकपणात जराशी कसूर झाली, तर एकाच वेळी अनेक डोळे धोक्यात येतात. पण सरसकट मनाईचा अर्थ असा होता की ज्यांना महागडं औषध परवडत नाही, त्यांची पुढची तारीखच नाहीशी झाली. नेत्रतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनांनी, विशेषतः पडद्याच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं, यंत्रणेपुढे आकडे आणि अनुभव मांडले आणि औषध सुरक्षितपणे विभागून भरण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. मार्चमध्ये तो इशारा मागे घेतला गेला. त्याच्या आदल्या वर्षीच अहमदाबादच्याच इंटास कंपनीनं ल्युसेंटिसचा देशी जुळा, रॅझुमॅब, बाजारात आणला होता. आज डॉक्टरांसमोर तीन-चार पर्याय असतात. ‘हे औषध परवडणार नाही’ असं स्पष्ट सांगणाऱ्या रुग्णाला म्हणूनच बहुधा काही तरी वाट निघते. न सांगता यायचं थांबलेल्या रुग्णासाठी कुणी वाट शोधत नाही.

तिसरी जागा विम्याची. डोळ्यात सुई टोचण्याचं काम काही मिनिटांत होतं. थेंब टाकून डोळा बधिर करतात, जंतुनाशकानं धुतात, आणि रुग्ण तासा-दोन तासांत घरी जातो. याच सोयीवर बोट ठेवून अनेक विमा कंपन्या वर्षानुवर्षं क्लेम नाकारत आल्या. रुग्ण २४ तास दाखल नव्हता, ही ओपीडीतली प्रक्रिया आहे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नकाराचं पत्र आलं की बहुतेक घरांत ते फाइलला लावून विषय मिटतो. ज्यांनी तो मिटू दिला नाही, त्यांनी विमा लोकपाल आणि ग्राहक आयोग गाठले. काही निकाल त्यांच्या बाजूनं लागले, काही विरोधात गेले, पण प्रश्न धगधगता राहिला. सप्टेंबर २०१९मध्ये विमा नियामकानं, म्हणजे इर्डानं, आधुनिक उपचारांची १२ नावांची यादी काढली. या उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही, असं इर्डानं बजावलं. त्या यादीत डोळ्यात दिलं जाणारं इंजेक्शन नावानिशी आहे.

यादी आली म्हणून क्लेम आपोआप मंजूर होत नाही. कंपनीला रकमेची मर्यादा घालता येते, आणि जुनंच कारण पुढे करून नकार देण्याची सवयही चटकन सुटत नाही. म्हणून नकार आला तर तो लेखी मागायचा आणि पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारलं, ते विचारायचं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला इर्डाच्या यादीचा हवाला देऊन पत्र लिहायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. रुग्णालयाच्या कागदावर नुसतं ‘इंजेक्शन’ न लिहिता आजाराचं नाव, डोळा, औषध आणि शस्त्रक्रियागृहात निर्जंतुक वातावरणात दिल्याची नोंद असेल, तर बाजू भक्कम होते. हे कागद डॉक्टरांकडून त्याच दिवशी मागून घेणं सोपं, सहा महिन्यांनी कठीण.

चौथी जागा रुग्णाच्या मनातली आहे, आणि मराठी घरांत तीच सर्वांत नाजूक. आपल्याकडे भिडस्तपणा हा सद्गुण मानला जातो. डॉक्टरांना किती त्रास द्यायचा, बाहेर एवढी गर्दी, मुलाला परत रजा काढावी लागेल, सून एकटी किती धावेल, आता या वयात काय वाचायचंय. अशा विचारांनी कित्येक आजी-आजोबा एक तारीख सोडतात, मग दुसरी. भीड ही भिकेची बहीण, असं सांगणारी म्हणही याच भाषेतली आहे. भिडेपोटी सुटलेल्या दोन तारखांची किंमत पुढे परावलंबनात मोजावी लागते. मुलाची एक दिवसाची रजा वाचवायला गेलेल्या माणसाला मग रोजचा रस्ता ओलांडायला सोबत लागते.

मधुमेहींनी तर ही गोष्ट आपली समजूनच वाचावी. पडद्यावरच्या मधुमेहजन्य सुजेलाही हीच इंजेक्शनं दिली जातात, आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हे रुग्ण अनेकदा पन्नाशीच्या आतले, कमावते असतात. त्यांची तारीख भिडेपेक्षा कामाच्या धबडग्यात बुडते. साहेबाकडे दर महिन्याला अर्धा दिवस मागायला ते कचरतात.

बोलायचं म्हणजे भांडायचं, असं नाही. नेमकं बोलणं पुरतं. ‘डॉक्टर, जरा कमी दिसतंय’ या वाक्यातून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. ‘डाव्या डोळ्यानं मागच्या मंगळवारपासून दाराची चौकट वाकडी दिसतेय आणि माझी तारीख पाच आठवड्यांनी आहे. तोवर थांबलं तर चालेल?’ या वाक्यानं बहुधा त्याच दिवशी पडद्याचं स्कॅनिंग होतं. ओसीटी नावाच्या या स्कॅनमध्ये पडद्याची सूज मायक्रॉनमध्ये मोजली जाते. मागच्या वेळचा आकडा किती होता आणि आजचा किती, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. एका वहीत तारीख, डोळा, औषधाचं नाव, तक्त्यावरची ओळ आणि हा आकडा लिहीत गेलं, की आठव्या डॉक्टरलाही सगळा इतिहास एका पानावर दिसतो. इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला आणि नजर घसरली, तर मात्र प्रश्न विचारत बसू नये. तो जंतुसंसर्ग असू शकतो. हजारात एखाद्यालाही क्वचितच होतो, पण झाला तर काही तासही मोलाचे ठरतात. त्या वेळी रविवार असो की दिवाळी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

औषधं आता लांब पल्ल्याची होऊ लागली आहेत. २०२२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फॅरिसिमॅब काही रुग्णांत चार महिन्यांपर्यंत पुरतं. जुन्या औषधांचीही पद्धत बदलली असून पडदा कोरडा राहिला, तर डॉक्टर अंतर दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. रुग्णासाठी हा मोठा दिलासा आहे. त्याचबरोबर लांब अंतरात तारीख हरवण्याची शक्यताही वाढते. जूनच्या पहिल्या आठवड्यात इंजेक्शन घेतलेल्या माणसाची सोळा आठवड्यांनंतरची तारीख सप्टेंबरच्या उत्तरार्धात पडते. मध्ये पेरणी असते, वारी असते, गणपती असतात, कधी पितृपक्षही असतो. म्हणून काउंटर सोडण्यापूर्वी, बधिरपणा उतरून डोळा चुरचुरायला लागण्याच्या आत, तीन गोष्टी फाइलच्या वरच्या पानावर लिहून घ्यायच्या असतात. पुढची तारीख कोणती, डोळा कोणता, आणि रुग्णालयानं ही तारीख बदलली तर फोन कुणाला करायचा.